इंग्रजी शिकायचंय? आधी 'फ्रेंड्स'मधला सोफा बघा

परवा अशोक चौकात एका ओळखीच्या घरी कपाट जिन्यावरून वर नेत होते. वळणावर अडकलं आणि त्यांची बारावीतली पोरगी वरून ओरडली, "पिव्हट! पिव्हट!" घरचे बघतच राहिले, मला हसू आवरेना.

'फ्रेंड्स' या इंग्रजी मालिकेच्या १९९९च्या एका भागात जिन्यातून सोफा नेताना रॉस हेच ओरडतो. पिव्हट म्हणजे एक टोक जागेवर ठेवून वस्तू फिरवणं. डिक्शनरीतून हा शब्द पाठ झाला नसता. रॉसचा तो आवाज एकदा ऐकला की जात नाही डोक्यातून.

भाषा अशी कानानेच येते. आपल्या सोलापुरात कितीतरी घरांत तेलुगू किंवा कन्नड, गल्लीत मराठी. हिंदी तर सिनेमातूनच आली, व्याकरण कुणी उघडलं होतं?

इंग्रजीचंही तसंच करा. दोन मिनिटांची क्लिप घ्या. आधी नुसती बघा, मग इंग्रजी सबटायटल लावून. हिंदी नको, डोळे तिकडेच पळतात. शेवटी पात्राबरोबर मोठ्याने बोला. वेग ०.७५ ठेवला तरी चालतो.

'फ्रेंड्स'मधल्याच जोईचं "हाऊ यू डूइन?" ऐका. बोलताना मधला 'आर' गिळलाय. पेपरात मात्र असं लिहू नका!

मिस्टर बीन मलाही आवडतो, पण तो बोलतो कुठे?

कशापासून सुरुवात करायची, बिनधास्त विचारा. वय आणि आवड सांगितलीत तर नेमकं सुचवता येईल.