वेल्समधील दगडी गोठे



वेल्स म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें कोळशाच्या खाणी तरी उभ्या राहतात, नाहीं तर जुने किल्ले. परंतु या डोंगराळ मुलखांतील खेड्यांचें जीवन शतकानुशतकें गुरें आणि मेंढरें यांवर चालत आलें आहे. तें समजून घ्यावयाचें, तर किल्ला सोडून क्षणभर गोठ्याच्या दाराशीं उभें राहिलें पाहिजे.

तेथील हवा ओली आणि वारा बोचरा. म्हणून जुन्या शेतकऱ्याचीं दोन ठाणीं असत: खालच्या दरींतील हिंवाळी घर तें 'हेंद्रे', आणि डोंगरावरील उन्हाळी कुरणाजवळचें तें 'हावोद'. हिंवाळ्यांत गाई खालीं येत. त्यांना बांधून ठेवल्यानें चिखलांत कुरण तुडविलें जात नसे, साठविलेलें गवत वाया जात नसे, आणि शेतासाठीं खतही सांचे.

प्रथम माणसें आणि गुरें एकाच छपराखालीं राहत. अशा घराला वेल्श भाषेंत 'टी हीर', म्हणजे लांब घर, म्हणतात. तें उतारावर आडवें न बांधतां उताराच्या दिशेनें बांधीत. वरच्या अंगास चूल आणि माणसें, खालच्या अंगास गाई, आणि मध्यें दोघांना सामाईक असा बोळ. त्यामुळें शेणमूत घराकडे न येतां खालीं वाहून जाई, आणि गाय विण्याच्या वेळीं बाहेरच्या पावसांत जावें लागत नसे. रॅडनरशायरमधील किलेवेंट येथील असें एक घर आज कार्डिफजवळच्या सेंट फॅगन्स येथील संग्रहालयांत पुन्हां उभारलेलें आहे. त्याच्या दगडी भिंती १७३४ च्या सुमाराच्या आहेत.

पुढें राहणी बदलली आणि गुरांना स्वतंत्र इमारत मिळाली. तिचें नांव 'बेयदी'. तिच्या जाड भिंतीला आंत आणि बाहेर असे दगडांचे दोन थर असून मध्यें बारीक दगडांची भर असते. हवेसाठीं उभ्या अरुंद फटी ठेवलेल्या असतात. बाहेरून चिंचोळ्या आणि आंतून रुंद, म्हणजे उजेड पसरावा पण वारा घुसूं नये. पुष्कळ गोठ्यांत वर गवताचा माळा असे आणि तेथून गवत खालीं गव्हाणीकडे टाकतां येई. वायव्य वेल्समध्यें पाटीचा दगड विपुल. तेथें छप्पर त्याचेंच आणि दोन गाईंमधील आडोशाची फरशीही त्याचीच.

याहून कौतुकाचे वाटतात ते दक्षिणेकडील डुकरांचे गोल खुराडे. दगडाचा प्रत्येक थर खालच्यापेक्षां किंचित् आंत सरकवीत नेऊन शेवटीं माथा मिटवितात. लाकूड लागत नाहीं आणि चुनाही लागत नाहीं. पॉन्टिप्रिडजवळचा, इ. स. १८०० च्या सुमाराचा असा एक खुराडा सेंट फॅगन्स येथें पाहावयास मिळतो. खारविलेल्या मांसावर गरीब कुटुंबाचा हिंवाळा निभे; तेव्हां डुकरासाठीं एवढे कष्ट घेणें ही चैन नव्हती.

विसाव्या शतकांत दुधाच्या स्वच्छतेचे नियम कडक झाले, दूध काढण्याचीं यंत्रें आलीं, गुरांचे कळप मोठे झाले. जुन्या दारांतून ट्रॅक्टर आंत जाईना. मग पत्र्याच्या प्रशस्त शेडी उभ्या राहिल्या आणि बेयदी ओस पडली. अशा इमारतीचा शत्रू म्हणजे पाणी. छपराची पाटी सरकली कीं पाऊस भिंतीच्या पोटांत शिरतो, आंतील भर धुपते, आणि गोठलेलें पाणी फुगून दोन्ही थर एकमेकांपासून सुटूं लागतात. पाटी वेळींच बसविली तर जी भिंत आणखी पिढ्यान्‌पिढ्या टिकली असती, ती अशा रीतीनें ढासळते.

कित्येक गोठ्यांचीं आतां राहतीं घरें झालीं आहेत. त्यानें छप्पर टिकतें, हें खरें. परंतु मोठ्या खिडक्या पाडल्या कीं हवेच्या फटी, गव्हाणी आणि माळा, म्हणजे ज्यांसाठीं ती इमारत होती तेंच नाहींसें होतें. शिवाय जुन्या दगडी इमारतींच्या आश्रयानें राहणाऱ्या वटवाघळांचीही जागा जाते. १९९९ सालीं सुरू झालेल्या 'तिर गोवाल' या सरकारी योजनेंत जुन्या शेतइमारतींच्या दुरुस्तीसही साहाय्य मिळत असे, तें याच जाणिवेनें.

सेंट फॅगन्सचें संग्रहालय १९४८ सालीं लोकांस खुलें झालें, आणि सामान्यांच्या घरांना राजवाड्यांच्या बरोबरीचा मान मिळाला. परंतु संग्रहालयांत इमारत नेतां येते. तिचा उतार, तिचा वारा, तिच्या समोरचें कुरण नेतां येत नाहीं. तें जपावयाचें असेल, तर गोठा त्याच्या जागींच उभा राहिला पाहिजे, आणि त्याची पहिली सरकलेली पाटी कोणी तरी वेळेवर बसविली पाहिजे.