दाखल्यांचा अभ्यास, लेखांक ६ : बांधाने धरलेली माती

पेरणाऱ्याच्या दाखल्यात जमिनी चार आहेत : वाटेकाठची, खडकाळ, काटेरी आणि चांगली. तो वाचताना मनात एक तक्रार उभी राहतेच. खडकाने आपण खडक व्हावे असे काही ठरवले नव्हते. मग बी वाळले म्हणून दोष मातीला का? काही मने जात्याच मऊ आणि काही जात्याच कठीण असतील, तर अंतःकरण तयार करा हा उपदेश पोकळ ठरतो. माझे म्हणणे असे, की दाखल्यात जमिनीची आजची अवस्था सांगितली आहे, तिचे कायमचे नशीब नव्हे.

चांगली जमीन कशी होते हे पाहायला सौदी अरेबियाच्या नैर्ऋत्येकडे वळावे. वाळवंटाचा म्हणून ओळखला जाणारा हा देश तिथे वेगळाच दिसतो. तांबड्या समुद्राला समांतर जाणाऱ्या सरावत डोंगरांत, असीर, बाहा आणि जाझान या प्रांतांत, पिढ्यान्‌पिढ्या पायऱ्यांची शेती होत आली. उभ्या उतारावर पडलेला पाऊस माती सोबत घेऊन जातो. म्हणून शेतकऱ्यांनी उताराला आडव्या दगडी भिंती घातल्या, आपल्या कोकणातल्या गडग्यासारख्या, चुन्याशिवाय रचलेल्या. खाली मोठे दगड, सांध्यांत चिपा. पाणी फटींतून झिरपते, माती भिंतीमागे साठत जाते. अशा पायऱ्यांवर ज्वारी, गहू, जव पिकले. जाझानच्या डोंगरात कॉफी पिकते, आणि तिथल्या खौलानी कॉफीच्या लागवडीची विद्या २०२२ साली युनेस्कोच्या वारसा यादीत गेली. मुळात तो खडकाळ उतारच होता. तिथली चांगली जमीन माणसाच्या हातांनी केलेली आहे.

पवित्र शास्त्रही हेच धरून चालते. यिर्मया चौथ्या अध्यायात आणि होशेय दहाव्यात लोकांना पडीक जमीन नांगरायला सांगतात. ती नांगरता येण्याजोगी नसती तर तशी आज्ञाच झाली नसती. लूकच्या तेराव्या अध्यायातला माळी फळ न देणाऱ्या अंजिराभोवती खणून खत घालायला आणखी एक वर्ष मागून घेतो. यावर कोणी मार्कचा चौथा अध्याय पुढे करील. बाहेरच्यांनी पाहूनही त्यांना उमजू नये यासाठी दाखले आहेत, असा अर्थ तिथे यशयाच्या आधाराने येतो. वचन कठोर आहे आणि ते सौम्य करण्याचा मला अधिकार नाही. पण तोच प्रसंग मत्तय सांगतो तेव्हा 'यासाठी'च्या जागी 'कारण' येते : लोकांची नजर आधीच मिटलेली आहे, म्हणून दाखले. शिवाय मार्कमध्येच शिष्यांनाही दाखला कळलेला नव्हता. एकांत मिळताच त्यांनी विचारले, एवढाच फरक. अंतःकरणाची नांगरट या विचारण्यापासून सुरू होते : कळले नाही हे कबूल करणे, तोच दाखला पुन्हा वाचणे, आणि त्यातला जो शब्द टोचतो तो ओलांडून न जाणे.

मग कृपेला जागा कुठे उरली? गडगा घालणारा पाऊस पाडत नाही. मार्कच्या त्याच अध्यायात, माणूस झोपला असताना बी आपोआप वाढते असाही दाखला आहे. बांधाने आलेल्या पावसाला थारा द्यावा, त्याचे काम तेवढेच.

थारा न देता घाई केली तर काय होते, तेही याच देशात दिसले. १९८० च्या दशकात जमिनीखाली हजारो वर्षांपासून साठलेले पाणी उपसून वाळवंटात गहू पिकवला गेला. १९९२ च्या सुमारास उत्पादन ४० लाख टनांवर पोहोचले. उपशाच्या मानाने पाण्याची भर जवळजवळ शून्य होती. २००८ साली सरकारने देशातल्या गव्हाची खरेदी टप्प्याटप्प्याने बंद करायचे ठरवले. प्रार्थनासभेतला उमाळा पुष्कळदा असाच असतो, भरभर हिरवा आणि आत न मुरलेला. डोंगरातल्या पायऱ्यांनाही सुटका नाही. तेलाचा पैसा आल्यावर माणसे शहरांकडे गेली, अनेक ठिकाणी भिंती ढासळल्या आणि माती वाहून गेली. एकदा तयार केलेले अंतःकरणही डागडुजीशिवाय टिकत नाही.

सौदी अरेबियात चर्च नाही. नोकरीसाठी तिथे राहणाऱ्या ख्रिस्ती माणसाला रविवारची घंटा ऐकू येत नाही. खोलीत आपण आणि आपले शास्त्र, एवढेच. तिथल्या आणि इथल्या वाचकांना एक विनंती : या आठवड्यात मत्तयचा तेरावा अध्याय रोज वाचा आणि न कळलेली ओळ वहीत लिहून ठेवा. पुढच्या लेखांकात काटेरी जमिनीकडे वळू.