पावाविना बर्गर : घाईच्या रात्री सगळ्यांसाठी एकच दस्तरखान

शाळा साडेपाचला सुटते. तपासायच्या वह्या पिशवीत भरून घरी पोचेपर्यंत सव्वासहा होतात. हिवाळ्यात तोवर मगरिबची अजान होऊन गेलेली असते. नमाज पढून स्वयंपाकघरात पाऊल टाकले की रोजचा प्रश्न समोर उभा राहतो : आज रात्री काय करायचे? नोकरी करणाऱ्या आमच्या भगिनींना हा प्रश्न वेगळा समजावून सांगायला नको.

आमच्या घरात या प्रश्नाला आणखी फाटे फुटले होते. मुलांच्या अब्बूंना दोन वर्षांपूर्वी शुगर निघाली. सासूबाईंचे, म्हणजे मुलांच्या दादींचे दात पडलेले. मुलगी बारावीत, ती ट्यूशनहून आठला येते. मुलगा नववीत आणि त्याला आठवड्यातून दोनदा बर्गर हवा असतो. घरात माणसे पाच आणि जेवणे चार प्रकारची! दादी सातलाच खिचडी खाऊन घेत. मुलगा पार्सल घेऊन टीव्हीसमोर बसे. मुलगी आली की उभ्या उभ्या काहीतरी खाई. आणि अब्बू आपले कारल्याचे, दुधीचे ताट घेऊन आतल्या खोलीत जात. "तुम्ही खा, मला समोर बसून बघवत नाही," असे ते हसून म्हणत. ते हसणे आम्हाला फार टोचत असे. घरचा कर्ता माणूस आजारी पडला म्हणून दस्तरखानवरून उठून गेला, असेच आम्हाला वाटे.

एके रात्री मुलाचे बर्गर आले होते. त्यातला एक अब्बूंनी उचलला, बन बाजूला काढून ठेवला, आतली टिकिया आपल्या ताटातल्या काकडी-कांद्यावर ठेवली, वरून लिंबू पिळले आणि खाऊ लागले. मुलगा बघतच राहिला. म्हणाला, "अब्बू, ये बी तो बर्गरच है ना!"

आम्हाला त्या रात्री वाट सापडली. आता आठवड्यातून दोनदा आमच्याकडे पावाविना बर्गर होतो. तो एका मोठ्या वाडग्यात, कच्च्या भाज्यांवर, घरच्या खिम्याचा असतो. पंचवीस ते तीस मिनिटांत होतो आणि पाचही जण एकत्र बसून खातात.

बन नेमका कशासाठी?

प्रथम एक गैरसमज दूर करू. 'हॅम्बर्गर' या शब्दातल्या 'हॅम'मुळे आमच्या पिढीतले कितीतरी लोक या पदार्थापासून दूर राहिले. हॅम म्हणजे डुकराचे मांस हे खरे. पण हॅम्बर्गरचा त्याच्याशी संबंध नाही. हे नाव जर्मनीतल्या हॅम्बुर्ग या बंदराच्या शहरावरून आले. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतून अमेरिकेला गेलेल्या लोकांबरोबर तिथे बारीक केलेल्या गोमांसाचा एक पदार्थ हॅम्बुर्गच्या नावाने ओळखला जाऊ लागला. तो ताटात वाढला जाई. पाव त्याला नंतर चिकटला. जत्रेत फिरणाऱ्याला आणि कामावरच्या मजुराला हातात धरून, चालता चालता खाता यावे म्हणून पाव सोयीचा होता. भारतात बर्गरची मोठी परदेशी दुकाने १९९६ पासून आली आणि आपल्या मुलांनी तो बनसहितच पाहिला.

आपण तर घरात बसून, समोर ताट ठेवून जेवतो. मग हातात धरण्याची सोय आपल्याला कशाला? शिवाय टिकियाही आपल्याला नवी नाही. शामी कबाब आपल्या प्रत्येक घरात होतो. पेशावरचा चपली कबाब तर बर्गरच्या टिकियाचा सख्खा भाऊ शोभेल : चपटा, मोठा, खिम्यात कुटलेले धणे आणि टोमॅटो. मुंबईच्या इराणी हॉटेलातल्या खिमा-पावातही खरी चव खिम्याची असते, पाव ती पुसून घेण्यासाठी असतो.

आता हिशेब बघा. ५० ते ६० ग्रॅमच्या एका बनमध्ये साधारण २५ ते ३० ग्रॅम कर्बोदके असतात, आणि तीही मैद्याची, म्हणजे रक्तात लवकर साखर होणारी. वर मेयोनेज. ते बहुतांशी तेलच असते. एका मोठ्या चमच्यात नव्वद-शंभर कॅलरी निघतात. टोमॅटो सॉसमध्ये साखर असते. तेव्हा शुगरच्या माणसाला बर्गरमधला खिमा तेवढा बाधत नाही, जेवढे त्याच्या आजूबाजूचे बाधते.

खिमा आणताना

खिमा मटणाचा, म्हशीचा किंवा चिकनचा, जो घरी चालतो तो घ्या. आपल्या नेहमीच्या, भरवशाच्या खाटकाकडून मांस आधी बघून घ्या आणि डोळ्यांसमोर मशीनमधून दोनदा काढून घ्या. दोनदा काढलेला मटणाचा खिमा लवकर शिजतो. धुवायचे ते मांस आधी धुवावे. खिमा झाल्यावर धुतला तर चव पाण्याबरोबर जाते आणि पाणी आत राहते.

खिमा अखंड मांसापेक्षा लवकर बिघडतो. मांसाच्या वरच्या पृष्ठभागावरचे जंतू मशीनमध्ये आतपर्यंत मिसळतात, हे त्याचे कारण. म्हणून खिमा आणल्या दिवशीच करावा नाहीतर लगेच फ्रीजरमध्ये टाकावा. आम्ही रविवारी आणून पाव-पाव किलोची पाकिटे करतो. पाकीट हाताने दाबून चपटे करायचे, म्हणजे बर्फ लवकर उतरतो. सकाळी शाळेला निघताना पाकिटे फ्रीजरमधून काढून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, एका ताटलीत ठेवायची. संध्याकाळपर्यंत खिमा तयार असतो. दिवसभर ओट्यावर ठेवून बर्फ उतरवू नका.

साहित्य (पाच जणांसाठी)

खिम्यासाठी :
खिमा अर्धा किलो, बारीक चिरलेला १ कांदा, आले-लसणाचे वाटण १ मोठा चमचा, जाडसर कुटलेली काळी मिरी १ चमचा, कुटलेले धणे १ चमचा, जिरेपूड अर्धा चमचा, तेल १ मोठा चमचा, चवीपुरते मीठ.

वाडग्यासाठी :
बारीक चिरलेला कोबी पाव किलो, काकड्या २, टोमॅटो २, गाजर १, कांदे २, कोथिंबीर आणि पुदिना मूठभर. शहरात लेट्यूस मिळत असेल तर तेही घ्या. पण कोबी स्वस्त, कुरकुरीत आणि सगळीकडे मिळणारा.

सॉससाठी :
पाणी काढलेले घट्ट दही १ वाटी, मोहरीची पूड अर्धा चमचा, ठेचलेल्या लसणाच्या २ पाकळ्या, टोमॅटो सॉस १ चमचा, मिरपूड, मीठ.

आणखी :
सिरका ३ मोठे चमचे, लिंबू १, आवडत असेल तर किसलेले चीज. चीजच्या पाकिटावर हिरवा ठिपका बघून घ्या. असा ठिपका असलेल्या चीजमध्ये प्राण्यापासून काढलेले रेनेट नसते.

कृती

१. घरात आल्या आल्या एक काकडी आणि दोन्ही कांदे पातळ कापून सिरका, चिमूटभर मीठ आणि थोड्या पाण्यात बुडवून ठेवा. बर्गरमध्ये आंबट काकडीचे काप असतात ना, त्यांची जागा हे घेतात. कांद्याचा उग्रपणाही जातो.

२. लोखंडी कढई चांगली तापवा. तेल घालून खिमा पसरा आणि दोन मिनिटे हलवू नका. एका वेळी सगळा खिमा मावत नसेल तर दोनदा करा. कढईत गर्दी झाली की खिमा भाजला न जाता आपल्याच पाण्यात उकडतो. बर्गरची जी खरपूस चव मुलांना आवडते ती या भाजण्यातूनच येते.

३. कालथ्याने गुठळ्या मोडून कांदा, आले-लसूण आणि मीठ घाला. पाणी सुटेल, ते आटू द्या. चिकनचा खिमा आठ-दहा मिनिटांत होतो. मटणाला पंधरा ते वीस मिनिटे लागतात. मध्ये थोडे गरम पाणी शिंपडून झाकण ठेवा. गुलाबी रंग कुठेही राहता कामा नये. शेवटी आच मोठी करून मिरी, धणे, जिरे घाला आणि खिमा पुन्हा कोरडा, तपकिरी होऊ द्या.

४. खिमा शिजतो तेवढ्यात भाज्या वाहत्या पाण्याखाली धुऊन चिरा. पावसाळ्यात कोबीची वरची दोन-तीन पाने काढून टाका आणि बाकीची एकेक सुटी करून धुवा. ज्या पाटावर आणि ज्या सुरीने कच्चे मांस कापले, त्यांवर साबणाने धुतल्याशिवाय कच्ची भाजी चिरू नये.

५. मोहरीची पूड चमचाभर पाण्यात चांगली फेसा, झणका नाकात गेला पाहिजे. ती दह्यात घालून सॉसचे बाकी साहित्य मिसळा. दही सकाळीच फडक्यात बांधून, गाळणीवर ठेवून फ्रीजमध्ये ठेवले तर संध्याकाळी चक्क्यासारखे घट्ट मिळते.

६. वाडग्यात खाली कोबी-गाजर, त्यावर टोमॅटो आणि उरलेली काकडी, मधोमध गरम खिमा, बाजूला सिरक्यातले काप, वरून सॉस, कोथिंबीर-पुदिना आणि लिंबू. भाज्यांना मीठ आधी लावू नका, पाणी सुटून कोबी मऊ पडतो. वाढल्यावर लगेच खा.

महिनाअखेर खिमा कमी पडला तर आम्ही पाव किलो खिम्यात दोन वाट्या शिजवलेले अख्खे मसूर घालतो. सांगली-कराडकडच्या वाचकांना अख्ख्या मसूरची ओळख करून द्यायला नको! मसूर कोरडे करून खिम्याबरोबर परतले की चव एकजीव होते आणि पोटही भरते. मसुरात कर्बोदके असतात हे मात्र शुगरवाल्यांनी लक्षात ठेवावे.

आमची एक चूक

पहिल्या आठवड्यात आम्ही फार उत्साहात होतो. अब्बूंच्या वाडग्यात पाव नाही, भाकरी नाही, भात नाही. आवडीने जेवले आणि इशाची नमाज पढून लवकर झोपले. रात्री साडेदहाला उठले ते घामाने चिंब, हात थरथरत होते. मशीनवर शुगर बघितली तर ६१. ७० च्या खाली शुगर जाणे हे धोक्याचे. लगेच चार चमचे साखर पाण्यात विरघळवून दिली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासली, तेव्हा ९० च्या वर आली. त्या पंधरा मिनिटांत आम्ही किती दुआ मागितल्या ते अल्लाहच जाणे.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी समजावले. संध्याकाळी ते जी गोळी घेतात तिचे काम शुगर उतरवण्याचे. गोळी तेवढीच आणि जेवणातली कर्बोदके एकदम बंद, मग शुगर घसरणारच. इन्शुलिन घेणाऱ्यांनाही हाच धोका. "बन काढलात ते उत्तम केलेत," डॉक्टर म्हणाले, "पण आधी मला विचारायला हवे होते." आता अब्बूंच्या वाडग्याबरोबर अर्धी ज्वारीची भाकरी असते, रोज तेवढीच. भाकरीतही पिष्ट असते, ज्वारीची म्हणून हवी तेवढी खायची नसते.

म्हणून भगिनींनो, घरात शुगरची गोळी किंवा इन्शुलिन घेणारे कोणी असेल तर जेवणात मोठा बदल डॉक्टरांना विचारूनच करा. गोळी आपल्या मनाने कमी-जास्त करू नका. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनीही किती मांस आणि कोणत्या भाज्या चालतील हे विचारून घ्यावे.

स्वयंपाक एक, वाडगे पाच

कढईतला खिमा सगळ्यांचा एकच, बदल फक्त वाढताना होतो. दादींसाठी कोबी पाच मिनिटे वाफवून घेतो, काकडी किसतो आणि खिमा थोडा ओलसर ठेवतो. अब्बूंच्या सॉसमध्ये टोमॅटो सॉस नसतो. वाढत्या वयाच्या मुलांना पाव तोडायची काही गरज नाही. कालच्या पावाचे तुकडे तव्यावर खरपूस भाजून मुलाच्या वाडग्यात घालतो, तेच त्याला सर्वांत आवडतात. मुलगी उशिरा येते, म्हणून तिच्या भाज्या आणि सॉस वेगळे ठेवायचो आणि खिमा आल्यावर गरम करायचो. आता तीच म्हणते, "मी आल्यावरच बसा." दादीही सातला दोन खजूर खाऊन थांबतात.

उरलेला खिमा दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत गरम करून चपातीबरोबर डब्यात द्यावा. सॉस लावलेल्या भाज्या मात्र ठेवू नयेत.

मुलाने बर्गर पूर्ण सोडला असे आम्ही म्हणणार नाही. महिन्यातून एकदा तो मित्रांबरोबर खातो, खाऊ द्यावे. घरी मात्र सिरक्यात काकडी घालण्याचे काम आता त्याचे आहे, आणि मोहरी फेसताना डोळ्यांत पाणी आणून हसण्याचेही. गेल्या मंगळवारी आम्हाला शाळेत उशीर झाला. घरी आलो तर कोबी चिरलेला, दही गाळलेले आणि अब्बू स्वतः दस्तरखान अंथरत होते. आतल्या खोलीत ताट नेणे त्यांनी कधी थांबवले, हे आमच्या तेव्हा लक्षात आले.