भुसा इंजिनात जाऊ नये म्हणून

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ भरदुपारी रायगडच्या किनाऱ्यावर चढले आणि श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा भागातल्या पिढ्यानपिढ्या जोपासलेल्या वाड्या काही तासांत आडव्या करून गेले. माझी धाकटी बहीण श्रीवर्धनच्या बाजूला दिली आहे. तिच्या वाडीतले माड, पोफळी आणि दोन जुने आंबे एकमेकांवर असे पडले होते की विहिरीपर्यंत जायला वाट उरली नव्हती. वीज गेलेली, फोन लागत नव्हता, त्यात टाळेबंदीचे दिवस. कसाबसा निरोप आला तो एवढाच, की माणसे सुखरूप आहेत, पण झाडे तोडायचे मशीन असेल तर घेऊन या.

आम्ही उरण तालुक्यातल्या जासईचे. जासई म्हटले की पुष्कळांना दि. बा. पाटील आणि जानेवारी १९८४ चे शेतकऱ्यांचे जमिनीचे आंदोलन आठवते. भाताची खाचरे गेली, पण परसातले आंबे, चिंचा, शेवगे राहिले, आणि ते छाटायला माझ्या पुतण्याने पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत घेतली होती. तिला सगळे चेनसॉ म्हणतात, आमच्याकडे नुसते ‘मशीन’ म्हटले तरी पुरते. ते मशीन, पाच लिटर पेट्रोलचा डबा आणि टू-टी ऑइलच्या बाटल्या घेऊन पुतण्या आत्याकडे गेला. तीन दिवस त्याने चांगले काम केले. चौथ्या दिवशी दुपारी मशीन एकदा किंचाळले आणि बंद पडले. दोरी ओढली तर हलेना.

पुढचे आठ दिवस त्या वाडीत कुऱ्हाड, कोयता आणि दोघांनी ओढायची जुनी करवत चालली. बहिणीच्या सासऱ्यांनी, वय सत्तरीच्या पुढे, त्या करवतीचे एक टोक धरले. पुतण्याला ते अजून लागून राहिले आहे.

मशीन का गेले, ते नंतर पनवेलच्या एका मिस्त्रीने उघडून दाखवले. पिस्टन काढून त्याने आमच्या हातात दिला आणि म्हणाला, “काका, हा वाचता येतो.” कार्ब्युरेटरच्या बाजूला पिस्टन राखाडी, खरखरीत, उभा घासलेला होता. सायलेन्सरच्या बाजूला खोल ओरखडे, जणू कोणी खिळ्याने ओढले आहेत. “ही बाजू धुळीने खाल्ली. ती बाजू तेलावाचून भाजली. तुम्ही गाळणी काढून चालवलं का?”

पुतण्या खाली बघत होता. चालवले होते.

झाले ते असे. दुसऱ्या दिवसापासून मशीन जोर धरेना, धूर जास्त, प्लग काळा. त्याने पेट्रोल कमी-जास्त करायचा स्क्रू, ज्यापाशी ‘एच’ अशी खूण असते तो, थोडा उजवीकडे पिळला. मशीन जरा बरे पळाले. तिसऱ्या दिवशी आणखी थोडा पिळला. चौथ्या दिवशी मदतीला आलेल्या एकाने सांगितले, ती जाळीच काढून टाक, मग बघ कसे पळते ते. आणि पळाले, तासभर फार छान पळाले. जाता जाता दिवा मोठा होतो, तसे.

आता यातले यंत्रशास्त्र समजून घेऊ, कारण ते एकदा समजले की नियम पाठ करावे लागत नाहीत. चेनसॉचे इंजिन टू-स्ट्रोक असते. त्यात ट्रॅक्टरसारखे खाली वेगळे तेल नसते. पेट्रोलमध्ये जे टू-टी ऑइल मिसळतो तेवढेच तेल, आणि पेट्रोल जाईल तिथेच ते जाणार. शिवाय हवा आणि पेट्रोल सरळ सिलिंडरात जात नाही. आधी ते खालच्या पेटीत, क्रँक आणि बेअरिंग जिथे फिरतात तिथे जाते आणि मग वर चढते. म्हणजे हवेबरोबर धूळ आली तर तिची पहिली भेट बेअरिंगशी, मग पिस्टन आणि रिंगशी. तेलात मिसळलेली बारीक धूळ म्हणजे झडप घासायला मिस्त्री वापरतात तो लेपच झाला.

हवा लागते तरी किती? एक लिटर पेट्रोल नीट जळायला सुमारे नऊ हजार लिटर हवा लागते. पुतण्याने नेलेल्या पाच लिटरच्या डब्याला पंचेचाळीस हजार लिटर. एवढी हवा ज्या भुशाच्या धुराळ्यात माणसाला डोळे उघडे ठेवता येत नाहीत तिथून ओढली जाते, आणि मध्ये आड असते ती फक्त तळहातात मावणारी गाळणी.

गाळणी तुंबली की हवा कमी येते, पेट्रोल तेवढेच येते. म्हणून धूर, म्हणून काळा प्लग, म्हणून जोर नाही. मशीन सांगत असते की मला श्वास घेता येत नाही. आपण श्वास मोकळा करण्याऐवजी स्क्रू पिळून त्याचे जेवण कमी करतो. मग केव्हा तरी गाळणी साफ होते किंवा पुतण्यासारखी काढून ठेवली जाते, हवा एकदम भरपूर येते आणि पेट्रोल अपुरे पडते. पेट्रोल अपुरे म्हणजे तेलही अपुरे. पिस्टन तापतो, फुगतो, सिलिंडरला चिकटतो. तेव्हा जोर कमी वाटला की हात आधी गाळणीकडे जावा, स्क्रूकडे नव्हे. काही नव्या मशीनमध्ये गाळणी थोडी तुंबली तरी पेट्रोलचे प्रमाण आपोआप सांभाळणारी सोय असते. ती चांगलीच आहे, पण तिच्यामुळे तुंबल्याचे उशिरा कळते, हेही ध्यानात असू द्यावे.

कोणी विचारील, ट्रॅक्टरला तेलाच्या भांड्यातून हवा गाळणारा एअर क्लीनर असतो, तसा इथे का नाही? कारण चेनसॉ कधी आडवी, कधी उभी, कधी उलटी धरावी लागते. तेलाचे भांडे सांडून जाईल. म्हणून इथे कोरडी गाळणी. स्वस्त मशीनला साधी नायलॉनची जाळी असते. ओल्या लाकडाचा जाड भुसा ती अडवते, पण पिठासारखी धूळ तिच्यातून जाते. त्याच जाळीवर बारीक लव बसवलेली गाळणी जास्त बारीक धरते. सगळ्यांत बारीक गाळते ती घड्या घातलेल्या कागदाची किंवा कृत्रिम तंतूंच्या कापडाची. घड्यांमुळे थोड्या जागेत पुष्कळ पृष्ठभाग मिळतो, त्यामुळे बारीक असूनही ती लवकर तुंबत नाही. सुकलेले आंब्याचे, चिंचेचे, बाभळीचे लाकूड कापायचे असेल तर तुमच्या मशीनला अशी गाळणी मिळते का, हे दुकानदाराला जरूर विचारावे. मिळत असेल तर थोडे पैसे जास्त द्यावेत.

स्वीडनच्या हुस्क्वर्ना कंपनीने याच्याही आधी एक पायरी घातली, आणि ती आपल्या बायाबापड्यांना समजावून सांगायला नको. खळ्यावर उफणताना जड दाणा एकीकडे पडतो आणि हलका कोंडा वाऱ्याबरोबर दुसरीकडे जातो. या मशीनमध्ये इंजिन गार करणाऱ्या पंख्यानेच हवा गरगर फिरवली जाते. जड भुसा बाहेरच्या बाजूला फेकला जातो आणि त्यातल्या त्यात स्वच्छ हवा गाळणीकडे वळवली जाते. गाळणीपर्यंत भुसा पोहोचतच नाही असे नाही, पण पुष्कळ कमी पोहोचतो. इतर कंपन्यांच्या मोठ्या मशीनमध्येही आता अशी सोय दिसते.

तरीपण माझ्या मते गाळणीपेक्षा मोठा बंदोबस्त साखळीचा. धारदार साखळी लाकडाचे ढलपे काढते. ते जड असतात, खाली पडतात. बोथट साखळी लाकूड कापत नाही, दळते. त्याचे पीठ होते आणि ते पीठ हवेत तरंगत गाळणीवर जाऊन बसते. मशीनखाली काय पडते आहे ते बघावे. चुन्यासारखी भुकटी पडू लागली की काम थांबवून गोल कानस काढावी. माड तर साखळीची धार लगेच घेतो. त्याचे खोड तंतूंचे आणि बाहेरून कडक. त्यातून समुद्रकाठी पडलेल्या झाडाच्या सालीत वाळू अडकलेली असते.

ही वाळू म्हणजे खरी शत्रू. लाकडाचा भुसा गाळणी तुंबवतो, पण पिस्टन कापतो तो मुख्यतः सालीतला दगडमातीचा कण. आमच्या जासईला वाळू नाही, पण न्हावा-शेवा बंदर १९८९ ला सुरू झाल्यापासून कंटेनरच्या गाड्यांची रीघ आणि रस्त्याकडेच्या झाडांच्या सालीत बसलेली धूळ आहे. म्हणून जिथे कापायचे तिथली साल आधी कोयत्याने वीतभर तासून टाकावी, किंवा पाणी असेल तर बादलीभर ओतून काथ्याने घासावी. दोन मिनिटांचे काम आहे. साखळीही वाचते.

गाळणी साफ करण्याचीही रीत आहे. झाकण उघडण्याआधी वरचा भुसा ब्रशने झाडून घ्यावा आणि चोक बंद करावा, म्हणजे गाळणी उचलताना पडणारा कचरा कार्ब्युरेटरच्या तोंडात जात नाही. बहुतेकांचे नुकसान साफसफाई करतानाच होते, असे तो मिस्त्री म्हणाला, आणि मला ते पटले. गाळणी तळहातावर हलकेच आपटावी. पंक्चरवाल्याकडची हवा मारायची तर आतून बाहेर आणि लांबून. जवळून जोरात मारली तर कागदाला भोक पडते, आणि भोक पडलेली गाळणी असून नसल्यासारखीच. साखळीच्या तेलाने चिकट झालेला भुसा झटकून जात नाही. नायलॉनची किंवा लव बसवलेली गाळणी असेल तर कोमट पाण्यात साबण घालून धुवावी, सावलीत पूर्ण सुकवावी आणि मगच बसवावी. लवेवर मात्र ब्रश चालवू नये. कागदाची गाळणी धुता येते की नाही ते मशीनबरोबरच्या पुस्तिकेत पाहावे. फोम असेल तर धुऊन सुकल्यावर थोडे तेल चोळून पिळून काढतात, पण कागदाला किंवा जाळीला तेल कधी लावू नये.

गाळणी खरोखर गाळते आहे की नाही, हे ओळखायची एक सोपी युक्ती त्याच मिस्त्रीने दिली. गाळणी आणि कार्ब्युरेटर यांच्यामधल्या नळीत आतून बोटाने ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवायचा. दिवसभर काम करून संध्याकाळी पाहायचे. ग्रीस स्वच्छ असेल तर ठीक. त्यावर भुरा बसला असेल तर गाळणी फाटली आहे किंवा तिची कड नीट बसत नाही. बाजारातल्या नकली गाळण्या पुष्कळदा इथेच फसतात. दिसायला तशाच, पण कडेला केसभर फट. अस्सल गाळणी महाग वाटते खरी. आम्ही मात्र तिच्यापायी सिलिंडर आणि पिस्टनचा जोड विकत घेतला आहे, तेव्हा महाग काय ते आम्हाला विचारा.

जाता जाता एक. मशीनला गाळणी असते, ते चालवणाऱ्याच्या नाकाला नसते. लाकडाची बारीक धूळ वर्षानुवर्षे नाकातोंडात गेली तर नाकाचा कर्करोग होऊ शकतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९० नंतरच्या दशकातच नोंदवून ठेवले आहे. नुसता रुमाल पुरत नाही. धुळीसाठीचा मास्क, आणि डोळ्यांना चष्मा हवा. घरातल्या बायकांनी हा हट्ट धरावा, कारण पुरुष ऐकतात ते फक्त तेव्हाच.

पुढच्याच वर्षी, १७ मे २०२१ ला, तौक्ते वादळ मुंबईच्या जवळून समुद्रातून वर गेले तेव्हा आमच्याच आळीत चिंच रस्त्यावर पडली. लोक जमले. पुतण्याने मशीन आणले, धुतलेली दुसरी गाळणी झाकणाच्या डब्यात घालून तीही आणली, आणि शेजारच्या ओट्यावर बसून कानस काढली. एकेक दात घासत बसला. कोणी ओरडले, “अरे, रस्ता अडलाय, धार कसली लावतोस!” त्याने मान वर केली नाही. शेवटचा दात झाल्यावर कोयता मागून घेतला आणि चिंचेची साल तासायला लागला.