आधी पाणी, मग कासव

ॲक्वेरियमच्या दुकानात रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं, कानाजवळ लाल पट्टा असलेलं हिरवं पिल्लू दिसलं की मुलं तिथून हलत नाहीत. महादेवाच्या देवळात नंदीपुढे कोरलेलं कासव पाहत वाढलेल्या मोठ्यांनाही ते शुभ वाटतं. पिल्लू घरी येतं आणि प्लास्टिकच्या टबात चार बोटं पाण्यात राहू लागतं. हे रेड-इअर्ड स्लायडर, मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी खोऱ्यातलं. मादीची पाठ २५ ते ३० सेंटिमीटरपर्यंत वाढते आणि नीट सांभाळलं तर कासव २०-३० वर्षं जगतं. वऱ्हाडात त्याची सोय लावताना सगळं येऊन थांबतं ते पाण्यावर: किती, कुठलं आणि किती गरम.

किती?

पाठीच्या लांबीच्या दर सेंटिमीटरमागे साधारण १५ लिटर, हा पाळणाऱ्यांचा ढोबळ हिशेब. पूर्ण वाढलेल्या मादीसाठी तो ४०० लिटरच्या आसपास जातो. म्हणजे नुसत्या पाण्याचंच वजन ४०० किलो. फ्लॅटच्या गॅलरीत ठेवण्याआधी तिथला स्लॅब हा भार पेलेल का, हे जाणकाराला विचारून घ्यावं. एवढी काचेची टाकी महाग पडते, पण कासवाला काचेचं कौतुक नसतं. वरून कापून कडा घासलेली प्लास्टिकची पाण्याची टाकी किंवा अंगणातलं सिमेंटचं टाकंही चालतं. खोली मात्र पाठीच्या लांबीच्या दीडपट-दुप्पट हवी. तळाला बारीक खडी नको, कासव ती गिळतं. त्याच्या डोक्याहून मोठे गोटे टाकावेत, नाहीतर तळ मोकळाच ठेवावा.

कुठलं?

अमरावतीला अप्पर वर्धा धरणाचं पाणी येतं, अकोल्याला महानच्या काटेपूर्णा प्रकल्पाचं. नळ रोज येत नाही, म्हणून घरोघरी ड्रम भरलेले असतात. ही सवय इथे कामी येते. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन ड्रमात एक दिवस राहिलं की बरंचसं उडून जातं. डेंग्यूचे डास होऊ नयेत म्हणून ड्रमवर फडकं बांधून ठेवायचं.

बोअरच्या पाण्याचं तसं नाही. पूर्णा नदीच्या खोऱ्यात, अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरला आहे. स्लायडर गोड्या पाण्यातलं कासव आहे, खारं पाणी त्याला कायमचं मानवत नाही. शिवाय उन्हाळ्यात टाकीतलं पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. त्यावर रोज बोअरचं पाणी भरत गेलं की खारटपणा वाढतच जातो. म्हणून खारपाणपट्ट्यात टाकीसाठी नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी वापरावं.

पाणी टिकतं ते फिल्टरवर. कासव खातं पाण्यात आणि घाणही पाण्यातच करतं. त्यातून अमोनिया तयार होतो. फिल्टरच्या स्पंजवर वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग कमी घातक नायट्रेट करतात. नव्या टाकीत ही वस्ती रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. कासव माशांपेक्षा कितीतरी जास्त घाण करतं, त्यामुळे टाकीच्या दुप्पट-तिप्पट पाण्यासाठी बनवलेला फिल्टर घ्यावा. स्पंज नळाखाली धुतला तर क्लोरीन जिवाणू मारतं, म्हणून तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच खळबळून घ्यायचा. एवढं करूनही आठवड्याला चौथा हिस्सा, म्हणजे १०० लिटर पाणी बदलावं लागतं. निघालेलं पाणी वाया जात नाही, कुंड्यांना आणि फुलझाडांना ते चांगलं खत आहे.

किती गरम?

पाणी २४ ते २८ अंश आणि ऊन खाण्याची जागा ३२ ते ३५ अंश, हे कासवाचं गणित. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ पलीकडे जातो. तेव्हा गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी थेट ओतणं म्हणजे कासवाला भाजणंच. पाणी रात्री काढून ठेवावं, शक्य असेल तर टाकी आधीपासूनच कूलरच्या खोलीत ठेवावी आणि गरज पडली तर बर्फ झालेली बंद बाटली टाकीत सोडावी. डिसेंबरच्या रात्री याच्या उलट होतं. पाणी २० अंशांच्या खाली गेलं की कासव खाणं सोडतं. तेव्हा जाळीच्या आवरणातला हीटर लागतो.

कासवाला पूर्ण कोरडं होऊन बसता येईल अशी जागा हवीच. पक्क्या पायांवर कडाप्प्याचा तुकडा आणि चढायला उतार, एवढं पुरतं. सतत ओलं राहिलं तर पाठ कुजते. अतिनील किरण मिळाले नाहीत तर ड जीवनसत्त्व तयार होत नाही आणि कवच मऊ, वाकडं होतं. खिडकीच्या काचेतून हे किरण येत नाहीत. म्हणून एकतर यूव्हीबी दिवा लावावा, नाहीतर टबात अर्धी सावली ठेवून सकाळचं कोवळं ऊन द्यावं. वर कावळ्या-मांजरांसाठी जाळी हवी. काचेची टाकी मात्र कधीच उन्हात ठेवू नये, तिच्यातलं पाणी पाहता पाहता तापतं.

नुसत्या सुक्या झिंग्यांवर ठेवलेल्या कासवाचे डोळे अ जीवनसत्त्वाअभावी सुजतात. गोळीखाद्य, अझोला, हिरवा पाला असं मिश्र खाणं द्यावं. कॅल्शियमसाठी काष्ठौषधीच्या दुकानातलं समुद्रफेन चालतं. कासवाच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात. याच कारणाने अमेरिकेने १९७५ मध्ये चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. म्हणून हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत आणि टाकीचं सामान स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नये.

पावसाळ्यात शेततळ्यात किंवा विहिरीत सापडणारं आपलं मऊ पाठीचं कासव मात्र घरी आणायचं नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार ते पाळणं गुन्हा आहे. असं कासव कुणाच्या घरी दिसलं तर वनविभागाला १९२६ वर कळवावं. आणि नकोसा झालेला स्लायडर अमरावतीच्या वडाळी किंवा छत्री तलावात सोडणं हा उपाय नव्हे. जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी परकी प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे. तो देशी कासवांची जागा आणि अन्न बळकावतो.

तिसरीतल्या मुलाच्या हट्टापायी आणलेलं कासव, तो मुलगा नोकरीला लागल्यावरही घरातच असेल. म्हणून टाकी आधी भरावी, फिल्टर सुरू करावा आणि एक अख्खा मे महिना ती कासवाविनाच सांभाळून पाहावी. दर आठवड्याला १०० लिटर पाणी द्यायला घर जूनमध्येही तयार असेल, तर कासव आणायला हरकत नाही.