गुग्गुळ जाळायचा की खायचा?

दिवाळी आठ दिवसांवर आली की नगरच्या काष्ठौषधींच्या दुकानांत शिरायला जागा नसते. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर, पण जीभ अजून नगरवरच जाते.) उटण्याच्या आणि सुगंधी तेलाच्या त्या गर्दीत मी घुसतो तो डिंक आणि राळा बघायला. हा नाद जुना आहे. गुग्गुळ मागितला की दुकानदार हमखास विचारतो, “काका, जाळायचा की खायचा?” जाळायचा म्हणजे काडीकचऱ्यासकट, स्वस्तातला. खायचा म्हणजे वेचून घेतलेला, जो वैद्य पुढे त्रिफळ्याच्या काढ्यात शुद्ध करतात. घरात दमेकरी असेल तर या प्रश्नाचं उत्तर नीट विचार करून द्यायला हवं.

आधी ही मंडळी कोण ते सांगतो. ऊद म्हणून आपण जो लोबान जाळतो, तो सुमात्रा-जावाकडच्या स्टायरॅक्स झाडांचा चीक. निखाऱ्यावर पडला की व्हॅनिलासारखा गोड दरवळतो आणि लगेच घशाला झोंबतो, कारण त्यात बेंझोइक आम्ल असतं. राळ सालवृक्षाची. गुग्गुळ कच्छ-राजस्थानच्या रेताड भागातल्या काटेरी झुडपाचा, वासाला कडवट. माझी लाडकी मात्र सालई. सातपुड्याच्या आणि विदर्भाच्या कोरड्या टेकड्यांवर ती वाढते. साल तासली की मधाच्या रंगाचा डिंक पाझरतो. त्याचा खडा निखाऱ्यावर ठेवून बघा: आधी कडा वितळतात, मग बुडबुडे येतात, लिंबाच्या सालीसारखा वास सुटतो आणि पांढरा धूर सरळ वर चढतो. थोड्या वेळानं खडा काळा पडतो आणि नुसता जळका वास उरतो.

याच सालईच्या डिंकाची दम्यावर चाचणी झालेली आहे. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४० दमेकऱ्यांना सहा आठवडे दिवसातून तीनदा ३०० मिलिग्रॅम डिंक पोटात दिला. सुमारे ७० टक्के रुग्णांना बरं वाटलं, तर नकली औषध घेणाऱ्यांत हे प्रमाण २७ टक्के होतं. चाचणी लहान होती, तिच्या भरवशावर कुणी इनहेलर सोडू नये. पण सूज उतरवणारी बोसवेलिक आम्लं डिंकात आहेत, हे खरं. तो डिंक पोटात गेला होता, निखाऱ्यावर नव्हे.

दम्याचं शास्त्र दोन ओळींत उरकतो. श्वासनलिका आतून सुजलेल्या आणि चिडक्या असतात, धूर लागला की आवळतात. अडीच मायक्रॉनहून बारीक कण, म्हणजे केसाच्या जाडीचा तिसावा हिस्सा, थेट खोल फुप्फुसात उतरतात. अशा कणांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम आहे, आपल्या देशाची ६०.

गंमत अशी की एकेकाळी दम्यावर धूरच औषध होता. चरकसंहितेत श्वासविकारावर हळद, देवदार, जटामांसी यांची वात करून धूमपान सांगितलं आहे. मद्रासेत धोतऱ्याचा धूर ओढायची रीत इंग्रजांनी पाहिली आणि १८०२ मध्ये जनरल जेंट ती विलायतेला घेऊन गेले. पुढे शतकभर युरोपात दम्याच्या सिगारेटी विकल्या गेल्या. कादंबरीकार मार्सेल प्रूस्त खोली बंद करून दम्याची पूड जाळत बसायचे. धोतऱ्यातलं अ‍ॅट्रोपिन श्वासनलिका सैल करतं, म्हणून आराम पडायचा, पण सोबत धूर आणि विषही जायचं. (धोतरा विषारी आहे, प्रयोग करू नका.) आज त्याच अ‍ॅट्रोपिनपासून बनवलेलं इप्राट्रोपियम इनहेलरमधून मिळतं. औषध ठेवून धूर गाळायला वैद्यकाला दीडशे वर्षं लागली, आपण मात्र अजून धूरच धरून बसलो आहोत.

आमचा जिल्हा तर धुनीचाच. शिर्डीच्या द्वारकामाईत साईबाबांची धुनी अखंड पेटती आहे आणि लोक तिची उदी घरी नेतात. अरणगावजवळ मेहेराबादला दर महिन्याच्या १२ तारखेला संध्याकाळी धुनी पेटते. पहिली १९२५ मध्ये, पावसासाठी गावकऱ्यांनी साकडं घातल्यावर पेटली होती. तिथे मी उभा राहिलो आहे. उघड्या माळावर वारा धूर कुठल्या कुठे नेतो. जुन्या माळवदाच्या घरालाही छतात साणं असायचं. आता वर स्लॅब, खिडक्यांना सरकती काच आणि थंडी म्हणून दार लावलेलं. वरून फटाके आणि गाळप हंगामात उसाच्या फडातलं पेटवलेलं पाचट. त्यात धुपाटणं फिरवलं की दमेकऱ्यानं जायचं कुठे?

हौशी मंडळी इथे लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेचा २००७ चा प्रयोग पुढे करतात. बंद खोलीत तासभर हवनसामग्री जाळली आणि हवेतले ९४ टक्के जिवाणू घटले. प्रयोग खरा आहे. पण तो जिवाणूंचा होता. दम्याचा झटका धुरानं येतो, हवा कितीही निर्जंतुक असली तरी. आणि जंतू मरण्याइतका धूर साठवायचा तर दार बंदच ठेवावं लागणार!

आमच्या भागात बाळ-बाळंतिणीला ओवा, वावडिंग, बाळंतशेपा आणि लसणाची टरफलं घालून धुरी देतात. बंद खोलीत शेगडी पेटली की कार्बन मोनॉक्साइडही साठतो, म्हणून ही रीत आता सोडावी असं माझं स्पष्ट मत आहे. लक्ष्मीपूजनाचा धूप अंगणात, तुळशीपाशी घाला. दमेकरी घरात असेल तर गोवरी नको. अगरबत्ती, कापूर आणि मच्छर-कॉइलही नको. एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके बारीक कण निघतात, असं २००३ च्या एका अभ्यासात आढळलं. रोजचा इनहेलर सणातही चुकवू नका, तातडीचा खिशात असू द्या. दम लागलाच तर माणसाला मोकळ्या हवेत आणून ताठ बसवा, तातडीचा इनहेलर द्या आणि उतार पडला नाही तर दवाखाना गाठा.

आणि एक गोष्ट त्या झुडपाच्या वतीनं. जास्त चिकाच्या हव्यासानं खोल घाव घातले की गुग्गुळाचं झाड वाळून जातं. ते वाढतंही फार सावकाश, आणि आज अतिसंकटग्रस्त यादीत आहे. तेव्हा दुकानदारानं विचारलं तर मी सांगतो, “जाळायला नको. वैद्यांनी लिहून दिलेला तेवढा द्या.”