रिंगखालची कर्णधार

नेटबॉलवर मराठीत जे थोडेफार लिहिले जाते ते गोल टाकणाऱ्या मुलींवर. त्यामुळे संपादकांनी एखाद्या कर्णधाराच्या कारकिर्दीचा आढावा मागितला, तेव्हा माझे नाव ठरलेलेच होते: लिझ एलिस, ऑस्ट्रेलियाची गोलकीपर.

पदकांची जंत्री पटकन उरकतो. १९९५, १९९९ आणि २००७ ची विश्वविजेतेपदे. १९९८ला क्वालालंपूर आणि २००२ला मँचेस्टर इथे राष्ट्रकुल सुवर्ण. सिडनी स्विफ्ट्सबरोबर चार राष्ट्रीय विजेतेपदे. एकूण १२२ आंतरराष्ट्रीय सामने. आणि हे सगळे पेशाने वकील असताना.

खरा विषय आहे गोलशूटर आयरीन व्हॅन डाइकशी तिने दिलेला लढा. १९९५च्या बर्मिंगहॅममधल्या अंतिम सामन्यात व्हॅन डाइक दक्षिण आफ्रिकेच्या संघात होती. २०००मध्ये ती न्यूझीलंडला गेली आणि मग या दोघी वर्षानुवर्षे एकाच रिंगखाली उभ्या राहिल्या. व्हॅन डाइकची उंची १.९० मीटर, एलिसची १.८३. रिंगजवळ चेंडू हातात आला की व्हॅन डाइक सहसा चुकत नसे, आणि नियमाने बचावपटूला तीन फूट लांब राहावे लागते. म्हणजे लढाई चेंडू येण्याआधीच जिंकायला हवी: पुढची जागा आधी घ्यायची, फेकीची वाट अडवायची, शूटरला खांबापासून बाहेर रेटत न्यायचे. यातले काहीही धावफलकावर दिसत नाही. ‘कीपर नुसती उड्या मारते’ असे लिहिणाऱ्या आमच्या विद्वान मित्रांनी म्हणूनच सामना चेंडूकडे न बघता एकदा तरी पाहावा.

कॅथरिन हार्बी-विल्यम्सनंतर एलिस कर्णधार झाली. २००५ मध्ये न्यूझीलंडविरुद्ध खेळतानाच गुडघ्याचा अस्थिबंध तुटला आणि २००६चे मेलबर्नचे राष्ट्रकुल सामने हुकले. ते सुवर्ण न्यूझीलंडने नेले. तिशी ओलांडलेल्या खेळाडूची कारकीर्द इथेच संपते, असे अनेक जण धरून चालले होते. ती परतली. फिजीतल्या लष्करी उठावामुळे २००७ची विश्वस्पर्धा ऑकलंडला हलवली गेली आणि तिथे, न्यूझीलंडच्याच घरी, तिच्या संघाने अंतिम सामना ४२-३८ असा जिंकला. तो आकडा पुन्हा वाचा. व्हॅन डाइक असलेला संघ घरच्या मैदानावर साठ मिनिटांत अडतिसावर थांबला. माझ्या लेखी नेटबॉलमधली ही बचावाची सर्वांत मोठी कामगिरी. त्यानंतर लगेच तिने निवृत्ती घेतली.

२०१०मध्ये दिल्लीच्या त्यागराज स्टेडियममध्ये राष्ट्रकुलचा अंतिम सामना पाहिला. न्यूझीलंडने दुहेरी जादा वेळेत ऑस्ट्रेलियाला ६६-६४ असे हरवले. आजूबाजूचे प्रेक्षक फक्त गोल मोजत होते. दोन्हीकडच्या कीपर काय करत होत्या हे शेजारच्या तरुणांना दाखवता दाखवता माझा घसा बसला.

आता तर कीपरच्या या कामाचे मोलही उरलेले नाही. २०२० पासून ऑस्ट्रेलियाच्या लीगमध्ये प्रत्येक सत्राच्या शेवटच्या पाच मिनिटांत लांबून टाकलेल्या गोलला दोन गुण मिळतात. शूटरला रेटत बाहेर नेणे हे एलिसचे आयुष्यभराचे कसब. आज त्या मिनिटांत तेच कसब प्रतिस्पर्ध्याला दुप्पट गुण मिळवून देऊ शकते. आपल्या प्रो कबड्डीने उलटा विचार केला: मैदानात तीन किंवा त्याहून कमी बचावपटू उरले असताना पकड झाली, तर बचावाला दोन गुण. बचाव करणाऱ्याचे मोल कबड्डीवाल्यांना कळले, नेटबॉलवाल्यांना का कळू नये? लोकांना गोल हवेत, हे उत्तर मला मान्य नाही. लोकांना जे दाखवाल ते ते पाहायला शिकतात.

सुदैवाने आंतरराष्ट्रीय सामन्यांत ऑस्ट्रेलियन लीगचा हा नियम अजून शिरलेला नाही. महाराष्ट्रातल्या शाळांमध्ये नेटबॉल शिकवणाऱ्या प्रशिक्षकांना माझी विनंती आहे: संघातली सर्वांत उंच मुलगी डोळे मिटून शूटर करू नका. तिला निदान एक हंगाम गोलकीपर म्हणून खेळवा, आणि कर्णधारपदही तिलाच द्या.